पट्टा घातलेला सिंह

सन ११३२च्या नोव्हेंबरची अकरा तारीख, सेंट मार्टिनचा सण. त्या दिवशी वाल्देओरा गावच्या नव्या चर्चच्या कामावर मजुरीवाटप झाले आणि गालिन्दो पाथरवटाच्या हातावर अठ्ठेचाळीस दिनार पडले. दगडामागे अर्धा दिनार, एकूण शहाण्णव दगड. मोजणीत वाद व्हायला जागा नव्हती, कारण त्याने घडवलेल्या प्रत्येक चौकोनी दगडावर त्याची खूण होती. कावळ्याच्या पावलासारख्या तीन रेघा. लिहिता-वाचता त्याला येत नव्हते. सहीच्या जागी याच तीन रेघा तो काढत असे.

त्याचे वय बावन्न. त्यातली चौतीस वर्षे चौकोनी दगड घडवण्यात गेली होती. बाप डोंगरात कोळसा पाडायचा. अठराव्या वर्षी गालिन्दो हाका शहरात कामावर पाणी वाहायला लागला आणि तिथेच कुणीतरी त्याच्या हातात टाकी दिली. पुढे सान्तियागोच्या यात्रेच्या वाटेवर जिथे चर्च उठेल तिथे त्याचे बिऱ्हाड. विंचवासारखे ते पाठीवरच असायचे. वाल्देओरा हे नववे काम. बायको तोदा, चुनाभट्टीवाल्याची मुलगी, सगळीकडे बरोबर होती. एकुलती मुलगी चौथ्या कामावर लग्न होऊन तिथेच राहिली होती.

मजुरी घेऊन तो वळला, तेवढ्यात बेर्नार्त मिस्त्रींनी हाक मारली. मिस्त्री तुलूजकडचे, सगळ्या कामाचे मुख्य. पोटाने मोठे आणि मनाने बरे.

"गालिन्दो, ईस्टर झाला की आम्ही इथून हलतोय. लिओनच्या पलीकडे मोठं काम मिळालंय."

"ऐकलं मिस्त्री."

"फादर तेल्यो म्हणतात, एक माणूस मागे ठेवा. दरवाजा राहिलाय, छज्ज्याखालचे मुखवटे राहिलेत. पण त्यांना चित्रं कोरणारा हवाय. चौकोनी दगडवाला नको."

"तुमचा चित्रं कोरणारा गिरॉत आहे की."

"गिरॉत म्हणतो, या थंडीत दुसरा हिवाळा काढण्यापेक्षा मी भिक्षू होतो. म्हणून तुला विचारतो. वेदीच्या कमानीपाशी खांबाचा एक माथा उरलाय. बायबलातला दानिएल, सिंहांच्या खड्ड्यात टाकलेला, आणि सिंहांनी न खाल्लेला. हिवाळ्यात कोरून दाखव. फादरना पटला तर तू राहशील. नाही पटला, तर तुझी चौकोनी दगडाची जागा माझ्याकडे आहेच, ती कुठे जात नाही."

हे त्याने घरी येऊन सांगितले तेव्हा तोदा डुकराच्या मांसाला मीठ चोळत होती. सणाच्या दिवशी गावात घरोघरी तेच काम चालू असते. तिने हात थांबवले नाहीत.

"आपली चूल इथे कधी पेटली?" तिने विचारले.

"सेंट जॉनच्या दिवशी. जूनमध्ये."

"म्हणजे वर्ष आणि एक दिवस कधी भरणार?"

"पुढच्या जूनच्या पंचवीसला."

"आणि ईस्टर?"

"मार्चमध्ये."

राजाची सनद गावात सगळ्यांना पाठ होती. नव्या पेठेत जो कोणी चूल पेटवून एक वर्ष आणि एक दिवस सलग राहील, तो गावचा. घर त्याचे, परसदार त्याचे, जंगलातले सरपण त्याचे, आणि मेल्यावर चर्चच्या अंगणातली जागाही त्याची. ईस्टरला उठावे लागले तर तीन महिने कमी पडणार होते.

"हे बघ," तोदा म्हणाली, "आठ वेळा मी गाडीत चढले. पहिल्या वेळी आईचा पाटा राहिला, मग कोंबड्या राहिल्या, मग पोरगी राहिली. आता चढायची नाही. तुला जायचं तर जा, मी इथे चूल राखत बसते."

"मला कुठे जायचंय?"

"मग सिंह कोर."

सिंह कोरायचा म्हणजे तो आधी माहीत हवा. गालिन्दोने चौतीस वर्षांत दगडातले सिंह पुष्कळ पाहिले होते, पण खालून मान वर करून, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. एकाला डुकराचे नाक, दुसऱ्याला मेंढ्याचे केस, तिसऱ्याचे तोंड कोरणाऱ्याच्या घरमालकासारखे. त्यामुळे सिंह म्हणजे कोरणाऱ्याच्या मनात येईल ते जनावर, असेच त्याच्या डोक्यात बसले होते. मिस्त्रींनी मात्र एक चित्र दिले. कातड्याचा तळहाताएवढा तुकडा, पाच कामांवर फिरलेला, ओल लागून पुसट झालेला. मधे दानिएल हात वर करून उभा, दोन बाजूंना दोन सिंह त्याचे पाय चाटताहेत. ते देऊन मिस्त्री लिओनला नव्या कामाचा करार करायला निघून गेले.

गालिन्दो कामावरच्या छपराखाली पेंढ्यावर बसून ते चित्र चार दिवस बघत राहिला. दानिएल समजला. पाय समजले. सिंहाच्या मानेभोवती टोकदार काड्यांची एक ओळ होती, तीही त्याला लगेच समजली. या डोंगरात लांडगे फार. प्रत्येक धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, लांडग्याने नरडे धरू नये म्हणून. मुन्यो धनगराची दोन्ही थोराड कुत्री, मोरो आणि बार्सिनो, असेच पट्टे घालून गावातून फिरत. पोरे त्यांच्या पाठीवर बसत, पण गळ्याशी हात नेत नसत.

त्याने मुन्योला विचारले, "तुझी कुत्री दोन दिवस छपराजवळ बांधशील का?"

"कशाला?"

"सिंह बघायचेत."

मुन्योला हा माणूस थंडीने भ्रमला असे वाटले, पण कुत्री त्याने आणून बांधली आणि स्वतःही ऊब मिळते म्हणून बसू लागला. त्याच्या नडगीला जखम होती. मोरो ती चाटायचा, डोळे मिटून, जीभ रुंद करून, खालून वर. गालिन्दो टाकी खाली ठेवून ते बघत बसायचा. चौकोनी दगडात आडवे, उभे आणि सरळ एवढेच असते. जीभ कशी वळते हे त्याला बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा बघावे लागले, आणि बघताना त्याला आपण एवढी वर्षे काय करत होतो असे वाटून गेले. तसे तो कुणाला बोलला नाही.

गिरॉत येता-जाता डोकावायचा. वय पंचवीस, हात सोन्याचा आणि तोंड त्याहून सैल.

"काय आजोबा, काटकोनाचा गुण्या लावून जीभ कोरताय का?"

"तू तुझी पानं कोर."

"हाताला लागेल ते चौकोनी करायची सवय. दानिएलचं डोकं तेवढं गोल ठेवा."

जानेवारीच्या शेवटी काम पुरे झाले. कँडलमासच्या, म्हणजे मेणबत्त्यांच्या सणाच्या, आदल्या दिवशी मिस्त्री लिओनहून परतले, खेचरावरून उतरले आणि सरळ छपरात आले. त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली. जिभेवर अंगठा फिरवला. "छान," म्हणाले. दुसरी फेरी मारली आणि मधेच थांबले.

"हे काय आहे?"

"पट्टा."

"कसला पट्टा?"

"गळ्यातला. चित्रात होता ना. हे खिळे."

मिस्त्री आधी हसले. इतके हसले की खोकल्याने त्यांना खाली बसावे लागले. मग हसू थांबले आणि त्यांनी तो कातड्याचा तुकडा मागून घेतला, उजेडात धरला.

"अरे, ही आयाळ आहे. आयाळ. सिंहाच्या मानेवरचे केस. टोकं टोकं काढलीत ना, ते केस आहेत."

गालिन्दोने चित्राकडे पाहिले. आता त्याला केस दिसत होते. पट्टा दिसेनासा झाला होता, आणि हेच त्याला सगळ्यात वाईट वाटले.

"मग आता केस कोरतो."

"कशात कोरणार? मान सगळी उतरवलीस. दगडातून काढता येतं गालिन्दो, त्यात घालता येत नाही." मिस्त्री उठले. "असा दुसरा दगड खाणीतून यायला रस्ता उघडावा लागेल. ईस्टरच्या आत काही जमायचं नाही. उद्या मेणबत्त्यांची प्रार्थना झाली की फादर बघायला येणारेत. मी काही बोलणार नाही. विचारलं तर तूच सांग."

त्या संध्याकाळी तोदाने कोबीची आमटी पुढे ठेवली आणि तोंड बघून विचारले, "फुटला?"

"फुटला असता तर बरं झालं असतं. कुत्रा झालाय."

त्याने सगळे सांगितले. तोदाने चुलीतली लाकडे सारखी केली.

"फादरना सांग, मुद्दामच केलं म्हणून. कुठल्याशा चर्चमध्ये बघितला होता म्हण. त्यांना काय कळतंय?"

"आणि त्यांनी विचारलं, कुठल्या, तर?"

"लांबचं नाव सांग."

"मी आतापर्यंत या वाटेवरून लांब कुठे गेलोय?"

दुसऱ्या दिवशी फादर तेल्यो आले. यात्रेकरूंच्या धर्मशाळेला लागून जो छोटा मठ आहे त्याचे ते प्रमुख. उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. गाव त्यांना भीत नसे, पण त्यांच्यापुढे कुणी लांबण लावत नसे. त्यांच्या मागे मिस्त्री, गिरॉत आणि ज्यांना काही काम नव्हते असे आठ-दहा जण. तोदा दारापाशी उभी होती, हात पदराखाली धरल्यासारखे शालीत गुंडाळून.

फादर खाली वाकले. दानिएलचे डोळे बघितले. मोरोची जीभ, म्हणजे सिंहाची जीभ, बघितली आणि त्यावर त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली. मग त्यांचे बोट एका खिळ्यावर आले.

"गालिन्दो, याच्या गळ्यात हे का?"

मिस्त्री छपराच्या वाशांकडे बघू लागले.

"फादर, चित्रातली आयाळ मला पट्टा वाटली," गालिन्दो म्हणाला. "मी सिंह कधी बघितलेला नाही. धनगराची कुत्री बघितलीत."

मागे कुणीतरी हसू दाबले. तोदाने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे चुकलं."

"चुकलं. कालच कळलं." तो थांबला. पण रात्रभर मनात घोळलेले काही राहिले होते, ते त्याला गिळवेना. "पण फादर, एक विचारू का?"

"विचार."

"तुम्ही फादर लोक उपवासाच्या दिवसांत ही गोष्ट सांगता. राजाने दानिएलला सिंहांच्या खड्ड्यात टाकलं. म्हणजे सिंह राजाचे होते ना? रानातले नव्हते. त्यांना कुणीतरी रोज खायला घालत असेल. मग पाळलेल्या जनावराच्या गळ्यात पट्टा नको?"

गिरॉत आता मोकळेपणाने हसला. "फादर, सिंहाला पट्टा नसतो. चाळीस सिंह कोरलेत मी."

"आणि पाहिलेस किती?" फादरनी विचारले.

गिरॉत म्हणाला, "पाहिले म्हणजे... तसे जिवंत नाहीत."

"मिस्त्री, तुम्ही?"

"नाही फादर."

"मीही नाही," फादर म्हणाले. ते मागच्या लोकांकडे वळले. "धर्मशाळेत काल किती यात्रेकरू उतरलेत?"

"एकवीस," मठातला एक जण म्हणाला.

"सिंह बघितलेला कुणी आहे का, विचारून या."

भर हिवाळ्यातही या वाटेवर दहा मुलखांची माणसे असतात, त्यामुळे हे विचारणे दिसते तितके वेडेपणाचे नव्हते. अडचण उलटीच आली. सिंह बघितलेले पाच जण निघाले. बर्गंडीच्या एका भटारखानेवाल्याने सांगितले की सिंहाच्या अंगावर पट्टे असतात आणि तो झाडावर चढतो. फ्लँडर्सचा एक चांभार म्हणाला की सिंह मांजरापेक्षा थोडा मोठा, पण आवाज फार. त्याने तो आवाज काढूनही दाखवला. तिसऱ्याने शपथेवर सांगितले की सिंहाला कोंबड्याची भीती वाटते. आपण कुठे बघितला हे मात्र त्याला आठवेना. चौथ्याने दिलेले वर्णन अस्वलाचे होते, आणि मुन्यो धनगराने ते लगेच ओळखले.

पाचवी एक बाई होती. पन्नाशी उलटलेली, बुटकी, पायांना चिंध्या बांधलेल्या. नाव आल्त्रुदा. ती समुद्रापलीकडच्या पालेर्मो शहराची. तिची बोली मिस्त्रींना थोडी समजत होती, तेच मधे उभे राहून सांगू लागले.

"राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होते मी," ती म्हणाली. "सात वर्षं रोज सकाळी सिंहाला आतडी नेऊन टाकत होते. म्हातारा झाला होता, एक डोळा गेलेला. माझ्या नवऱ्यापेक्षा वागायला बरा. निदान खाऊन झाल्यावर गप्प झोपायचा."

मिस्त्रींनी हे सगळे जसेच्या तसे फादरना सांगितले. फादरच्या ओठाचा कोपरा किंचित हलला.

"त्याला आयाळ होती का?"

"होती म्हणे. मी त्याला बघितलं तेव्हा ती खरजेने गळून गेली होती. मान नुसती कातड्याची, या दगडासारखी." ती दगडाजवळ गेली. कुणी थांबवायच्या आत तिने सिंहाच्या डोक्यावर तळवा ठेवला, कानामागे खाजवल्यासारखे केले आणि मग हात गळ्याशी नेला. "हा पट्टा होता की. रुंद, चामड्याचा, याच जागी. त्याला साखळी."

गालिन्दो एक पाऊल पुढे सरकला.

"पण हे खोटं आहे," आल्त्रुदाने खिळ्याला बोट लावले. "खिळे नव्हते. सिंहाला कशाला खिळे? त्याचं नरडं कोण धरणार? गोल गोट्या होत्या, पितळेच्या. सणाच्या दिवशी त्या मी घासून लखलखीत करायचे."

"आणि जीभ?" फादरनी विचारले.

तिने वाकून जीभ बघितली. "जीभ अशीच. माझा हात चाटायचा तेव्हा सोलून निघायचा."

फादर तेल्योंनी हात पाठीमागे बांधले आणि छपराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

"गालिन्दो, हे खिळे उतरवून त्यांच्या गोट्या करता येतील?"

गालिन्दोने अंगठ्याने एका खिळ्याची जाडी अजमावली. "येतील फादर. काढायचंच आहे. घालायचं काही नाही."

"मग पट्टा राहू दे. माणसाला बाहेरच्या जनावरापेक्षा राजाघरच्या जनावराचीच भीती जास्त असते, आणि तेच पाय चाटायला लागलं तर ते देवाचंच करणं. महिना संपायच्या आत गोट्या कर. नंतर दरवाजाचं काम बघू." निघताना ते दारापाशी थांबले. "तुझी बायको तुला चांगलं खोटं शिकवत असणार. तू ऐकलं नाहीस, बरं केलंस."

तोदा लाल झाली. ती आठवडाभर फादरसमोरून गेली नाही.

गिरॉत मागे रेंगाळला. त्याने खिळ्याकडे बघितले, मग आपल्या पिशवीतून एक बारीक, वाकडी टाकी काढून गालिन्दोपुढे धरली.

"गोल करायला ही लागेल. तुझ्या टाक्यांनी गोट्यांचं पीठ होईल."

"आजोबा म्हणालास तर घेणार नाही."

"घे रे बाबा. ईस्टरला परत दे."

गोट्या बावन्न निघाल्या, एका पट्ट्यावर सव्वीस. गालिन्दोने रोज चार केल्या. आल्त्रुदा पाय बरे होईपर्यंत धर्मशाळेत राहिली आणि दुपारी छपरात येऊन पितळ कसे चमकायचे ते सांगत बसायची. दोघांना एकमेकांची बोली धड कळत नव्हती. तिसऱ्या दिवसापासून त्यांचे तेवढ्यावर भागू लागले. फेब्रुवारीच्या मध्याला ती सान्तियागोच्या दिशेने निघून गेली. जाताना तिने दगडाचा कान पुन्हा एकदा खाजवला.

थंडी ओसरून चुना धरू लागला तेव्हा माथा वर चढवला. चार माणसे चाकाच्या दोरावर, मिस्त्री वरून ओरडत, आणि गालिन्दो खाली, कारण वर जायला त्याचे गुडघे ऐकत नव्हते. दगड खांबावर बसला, ओळंबा सरळ लागला, मिस्त्रींनी हात वर केला. खालून गोट्या नुसती एक ठिपक्यांची रेघ दिसत होती. जीभ मात्र स्पष्ट दिसत होती. ईस्टरच्या प्रार्थनेला गावकरी आले. फादरनी दानिएलची गोष्ट सांगायला सुरुवात केली तेव्हा मागच्या रांगेतून मुन्यो शेजाऱ्याला दाखवत होता की डावीकडचा मोरो, उजवीकडचा बार्सिनो. महिनाभरात सगळे गाव त्या सिंहांना याच नावांनी ओळखू लागले. मठातले लोक रागावले, मग तेही तसेच म्हणू लागले.

मिस्त्रींच्या गाड्या ईस्टरनंतर पाचव्या दिवशी हलल्या. गिरॉतची टाकी गालिन्दोने परत दिली. गिरॉतने ती घेतली, बघितली, धार चांगली लावली आहे म्हणाला आणि गाडीत बसला. तोदा नव्या पेठेच्या टोकापर्यंत पोचवायला गेली. शेवटची गाडी वळणाआड होईपर्यंत ती उभी राहिली आणि परत येऊन तिने परसात कांद्याची रोपे लावली. आजवर तिने कोथिंबिरीपेक्षा जास्त दिवस घेणारे काही लावले नव्हते.

जूनच्या पंचवीसला वर्ष आणि एक दिवस भरला. गावच्या चालीप्रमाणे पाच जुने रहिवासी सकाळी दारात आले. त्यांनी धुराड्यातून धूर निघतो की नाही हे बघितले, चुलीतली राख हातात घेऊन ऊब तपासली, आणि सर्वांत वयस्कर माणसाने तोदाला विचारले, "ही चूल मधे विझली का?"

"एकदा विझत होती," तोदा म्हणाली, "पावसाने. मी फुंकून फुंकून डोळे लाल केले. विझली नाही."

"मग तुम्ही आमचे."

मठाच्या कारकुनाने कातड्यावर गालिन्दोचे नाव लिहिले आणि शेजारी जागा सोडली. गालिन्दोने तीन रेघा काढल्या. मधली रेघ थोडी वाकडी आली. कारकून म्हणाला, चालेल.

असा करार झाल्यावर साक्षीदारांना नव्या रहिवाशाने वाइन पाजायची, तरच तो पक्का, ही इथली रीत. पाच साक्षीदार, वर मुन्यो, वर कारकून. ओनेकाच्या गुत्त्यातून वाइनचे चार घडे आणले, तीन दिनाराला एक, असे बारा दिनार. गालिन्दोने दहा दिले. ओनेकाचे दोन दिनार अजून द्यायचे आहेत.